वळचणीचे पैसे वेगळे

मावसभावाचा फोन आला तो डीलरच्या आवारातून. नवा कॅम्पर ठरला होता, सही तेवढी बाकी होती. "दादा, हे विचारतायत, स्लाइड टॉपर बसवायचे का म्हणून. दोन स्लाइड आहेत, दोन्हीचे मिळून अकराशे डॉलर. हप्त्यात महिन्याला साडेदहा डॉलर वाढतील फक्त. लावू का?"

मी म्हटलं, "गाडी उभी कुठे करणार आहेस?"

"घराशेजारी. वर ओकचं मोठं झाड आहे. पानं पडतात, फळं पडतात. म्हणून तर हे म्हणतायत की लावाच."

"घराशेजारी स्लाइड बंद असते. तिचं छप्पर तेव्हा गाडीच्या आत असतं. घरच्या ओकचा इथे काही संबंध नाही. बाहेर गेल्यावर कुठे राहणार, ते सांग."

तो गप्प झाला. डीलरने त्याला हे विचारलंच नव्हतं. या आठवड्याचं सदर त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे.

ज्यांनी कॅम्पर आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीची रुंदी साधारण १०२ इंचांपर्यंत, म्हणजे साडेआठ फुटांपर्यंत चालते. साडेआठ फुटांत सोफा, टेबल, ओटा आणि चालायला वाट एवढं सगळं बसवायचं म्हणजे माणसांनी आडवं होऊन चालायचं. त्यावर उपाय निघाला तो स्लाइड-आउटचा. मुक्कामाला पोचलं की बटण दाबायचं, भिंतीचा एक मोठा खण सोफ्यासकट दोन-तीन फूट बाहेर सरकतो आणि आत खोली तयार होते. निघताना पुन्हा बटण, खण आत. इंडियाना राज्यातल्या न्यूमार कंपनीने १९९० मध्ये मोटारहोमला हा स्लाइड बसवला आणि मग सगळा धंदाच त्या वाटेने गेला. त्याच राज्यातलं एल्कहार्ट हे या धंद्याचं माहेरघर. आज मोठ्या कॅम्परला दोन-तीन स्लाइड असणं नेहमीचं झालं आहे.

खण सरकला की त्याचं छप्पर उघड्यावर येतं. हे छप्पर सपाट असतं. आत-बाहेर सरकायचं असल्यामुळे त्याला उतार देता येत नाही, काठ वळवता येत नाही, पन्हाळ लावता येत नाही. छपराच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत रबराची एक पट्टी असते. खण आत जाताना ती पट्टी छपरावरचं पाणी निपटून काढते, आपण ओला ओटा हाताने निपटतो तसं. तुमचा सोफा, तुमची फरशी आणि पाऊस यांच्यामध्ये एवढीच एक पट्टी. स्लाइड टॉपर म्हणजे त्या छपरावर ताणलेलं कापड. त्याची एक कड गाडीच्या भिंतीत अडकवलेली असते, दुसरी खणाच्या बाहेरच्या टोकाला असलेल्या रुळावर गुंडाळलेली. रुळात स्प्रिंग. खण बाहेर आला की कापड उलगडतं, आत गेला की गुंडाळलं जातं. त्याला वेगळं बटण नाही, मोटर नाही.

माझं बालपण राजापूर तालुक्यात गेलं. वैशाखात घर शाकारायचं म्हणजे घरातल्या सगळ्यांना काम. आजोबा खाली उभे राहून एकच गोष्ट पाहायचे, पागोळी जोत्यापासून हातभर लांब पडते की नाही. कौल फुटलं तर बदलता येतं, पण वळचण आखूड राहिली तर भिंत जाते, असं ते सांगत. घर बांधताना कोणी गवंड्याला "वळचण हवी का, पैसे वेगळे पडतील" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. इथे मात्र पन्नास-साठ हजार डॉलरची गाडी विकतात आणि वळचणीचे पैसे वेगळे मागतात.

मला याचा राग आहे आणि त्याला कारण घडलं आहे.

आमचा कॅम्पर आठ वर्षांचा. घेतला तेव्हा त्यावर टॉपर नव्हते आणि आम्हीही मागितले नाहीत. पहिल्याच वर्षी सप्टेंबरअखेर मिशिगन सरोवराच्या काठी लडिंग्टन स्टेट पार्कला गेलो. तिथल्या एका तळाचं नावच पाइन्स, आणि आम्हाला तिथलीच जागा मिळाली. तीन दिवस पावसाची रिपरिप चालू होती. रविवारी निघताना मी बटण दाबलं, खण आत आला, आवाजात काही वेगळं वाटलं नाही. घरी येऊन पाहतो तर सोफ्यामागची भिंत ओली आणि कोपऱ्यातली फरशी फुगल्यासारखी.

शिडी लावून वर चढलो. रबराच्या पट्टीखाली पाइनच्या सुया अडकल्या होत्या. तिथल्या पाइनच्या सुया दोन-दोनच्या जोडीने येतात, बुडाशी एकत्र आणि पुढे फाकलेल्या. एक जोडी अशी बसली होती की बूड बाहेर आणि दोन्ही टोकं पट्टीखालून आत. सुईने पट्टी उचलली होती ती सुईच्याच जाडीइतकी, नखही शिरणार नाही एवढी. पण पाण्याला तेवढं पुरतं. सुईच्या अंगाने ते थेंब थेंब आत उतरत गेलं, कापसाच्या वातीतून तेल चढावं तसं. मी ती जोडी काढून बोटावर धरली. वजन काहीच नाही. तिच्यापायी पुढच्या उन्हाळ्यात कोपऱ्यातली फरशी अंगठ्याने दाबली की आत जायला लागली, कारण कॅम्परची जमीन लाकडी भुशाच्या आणि चिपांच्या दाबलेल्या फळ्यांची असते आणि ती एकदा भिजून फुगली की पुन्हा बसत नाही. दुरुस्तीला टॉपरच्या दुप्पट पैसे गेले.

डीलरकडे गेलो तर म्हणाले, वॉरंटी संपली. बहुतेक ट्रेलरची मूळ वॉरंटी एक वर्षाची असते आणि पाणी फरशीवर आपली खूण दाखवतं ते त्यानंतर. वर मला पुस्तिकेतलं पान दाखवलं. स्लाइड आत घेण्यापूर्वी छपरावरचा कचरा आणि पाणी काढावं, असं त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे बनवणाऱ्याला ठाऊक आहे. कचरा पट्टीखाली जातो, पाणी आत येतं, हे त्याने स्वतः छापून दिलं आहे. मग झाकण गाडीबरोबरच का देत नाही? पडद्यांचा रंग, टीव्हीचा आकार, बाहेरचा स्पीकर हे सगळं ठरलेल्या किमतीत येतं आणि पावसापासून वाचवणारं कापड तेवढं "ऑप्शन". विकत घेताना माणूस स्पीकर वाजवून पाहतो, पाऊस पाडून पाहत नाही. हे विकणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

आता दुसरी बाजू सांगतो. ती सांगितली नाही तर माझ्यात आणि त्या विकणाऱ्यात फरक उरणार नाही.

फरशी दुरुस्त झाल्यावर आम्ही टॉपर बसवले. पुढच्या जुलैत मुलांना घेऊन पश्चिमेकडे निघालो आणि साउथ डकोटात बॅडलँड्सच्या सीडर पास तळावर उतरलो. मोकळं माळरान, आडोशाला काही नाही. रात्री दीड-दोनच्या सुमारास वारा उठला. टॉपरच्या कापडाखाली वारा शिरला की ते फुगतं, फुगून सुटलं की छपरावर आपटतं. आत झोपलेल्या माणसाला वाटतं कोणीतरी डोक्यावर ढोल बडवतंय. पंधरा-वीस मिनिटं आम्ही ऐकत पडलो. दारावरची मोठी कनात मी संध्याकाळीच बटण दाबून गुंडाळली होती. टॉपर मात्र तसा गुंडाळता येत नाही. तो खणाला बांधलेला, खण आत घेतला तरच कापड आत येतं. मुलं त्या खणातल्याच सोफ्यावर झोपली होती. दोघांना उठवलं, पांघरुणांसकट आमच्या पलंगावर आणलं, खण आत घेतला. सोफा बाथरूमच्या वाटेत येऊन बसला. सकाळपर्यंत चौघं एका पलंगावर.

त्या रात्री कापड फाटलं नाही, पण फाटलेली मी पाहिली आहेत. महामार्गावर धावताना वारा रुळातून कापड ओढून काढतो आणि मागच्या गाड्यांना ते झेंड्यासारखं फडफडताना दिसतं. पुढच्या गाडीच्या चालकाला पत्ताही नसतो.

पाण्याचंही तसंच. कापड मधे सैल पडलं की त्यात तळं साचतं. हिशेब करून पाहा. बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद कापड म्हणजे ३६ चौरस फूट. त्यावर सरासरी एक इंच पाणी साचलं तर ते ८५ लिटर होतं, म्हणजे ८५ किलो. एक भरभक्कम माणूस त्या कापडावर रात्रभर झोपला आहे असं समजा. एवढं वजन रोज पडलं तर स्प्रिंग ढिली होते, शिवण सुटते, आणि मग तळं आणखी मोठं होतं. काही जण छपराच्या आणि कापडाच्या मधे फुगवलेला चेंडू किंवा फोमचा ठोकळा ठेवतात म्हणजे मधे उंचवटा राहतो. उपाय चालतो, फक्त निघताना तो काढायची आठवण हवी. मला त्यापेक्षा सोपं वाटतं ते गाडी समतल करताना स्लाइडची बाजू किंचित खाली ठेवणं. बुडबुड्याची काचनळी असते ना, तिच्यात बुडबुडा अर्धा सरकेल एवढीच. पाणी आपोआप बाहेरच्या काठाने ओघळतं. एवढ्याने पलंगावर डोकं खाली जात नाही.

आणि टॉपर लावला म्हणून झाडू सुटत नाही. पानं कापडावरही पडतात आणि तशीच गुंडाळली तर रुळावर गाठ येते. काम कमी होतं, संपत नाही.

म्हणूनच गाडी कुठे उभी राहणार हा प्रश्न आधी. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ सरकारी वाळवंटी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा लांब मुक्कामाचा हंगाम असतो. थंडीच्या राज्यांतली निवृत्त मंडळी तिथे महिनोन्महिने राहतात. झाड नाही, पान नाही, पाऊस आला तरी मोजका. आहे ते कडक ऊन आणि धुळीचा वारा. ऊन कापड खातं, वारा शिवण खातो. तिथे टॉपर म्हणजे पाच-सात वर्षांनी बदलायचा एक जिन्नस विकत घेणं. तिथे जाणाऱ्यांनी तो लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते पैसे पट्टीच्या निगेवर घालावेत, रबराला लावायचं लोशन मिळतं ते वर्षातून दोनदा लावावं, पट्टी तडकली तर ताबडतोब बदलावी.

मिशिगन, विस्कॉन्सिन, टेनेसीचे स्मोकी डोंगर, वॉशिंग्टन राज्यातलं फरचं रान, अशा ठिकाणी दर शनिवार-रविवार झाडाखाली उतरणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे सुया, पानं, डिंक, ओकची फळं, खारींनी कुरतडून टाकलेली टरफलं हे सगळं रोज पडतं. ओकचं फळ खणाबरोबर घासत पट्टीखाली गेलं तर छपराच्या रबरावर ओरखडा उठतो. अशांनी टॉपर लावावा. वारा उठला की झोप मोडेल. पण झोप दुसऱ्या रात्री भरून निघते, फरशी भरून निघत नाही.

आमच्या तळावर शेजारी एक जोडपं असतं, दोघंही सत्तरीचे. टॉपर लावलेला नाही. निघायच्या दिवशी आजोबा लांब दांड्याचा मऊ झाडू घेऊन शिडीवर चढतात, दोन्ही छपरं झाडतात, टॉवेलने पुसतात, मग खाली येऊन आजींना खूण करतात आणि आजी बटण दाबतात. दहा मिनिटांचं काम. त्यांची गाडी आमच्यापेक्षा जुनी आणि आतून कोरडी ठणठणीत. त्यांच्या शिस्तीपुढे मी मान तुकवतो. पण गेल्या शरदात सकाळी दव पडलेल्या शिडीवर त्यांचा पाय सरकला. हात कठड्याला लागला म्हणून वाचले. मी खालून पाहत होतो, माझ्या हातातला कप तसाच राहिला. आपल्या इथल्या मराठी मंडळींतली कितीतरी जोडपी साठीच्या पुढे, मुलं कॉलेजात गेल्यावर पहिला कॅम्पर घेतात. पूर्ण आयुष्य संगणकासमोर गेलेलं, शिडीची सवय नाही. त्यांच्यासाठी टॉपरचा हिशेब फरशीवर थांबत नाही, त्यात माकडहाड आणि मनगटही धरावं लागतं. वर चढायच्या खेपा निम्म्या झाल्या तरी अकराशे डॉलर वसूल आहेत.

फक्त ते हप्त्यात घालू नका. साडेदहा डॉलर महिना, पंधरा वर्षांचे एकशे ऐंशी हप्ते, बेरीज होते अठराशे नव्वद. कापड पंधरा वर्षं टिकत नाही. पहिलं फाटून दुसरं घेतलं तरी पहिल्याचेच पैसे फेडत बसायचं, हा व्यवहार कोणी शहाणा माणूस घरच्या पडद्यांसाठीही करणार नाही. रोख द्या, नाहीतर सहा महिने थांबा आणि बाहेरच्या कारागिराकडून बसवून घ्या. तोवर झाडू आहे. एक मात्र ऐका, जुना टॉपर स्वतः खोलायला जाऊ नका. रुळातल्या स्प्रिंगला पीळ भरलेला असतो. पिन घालून ती अडकवल्याशिवाय टोक सोडलं तर रूळ गरकन फिरतो आणि बोटं त्यातच असतात.

स्लाइडच नको म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. एअरस्ट्रीमच्या ॲल्युमिनियमच्या गोल पाठीवरून पाणी घरंगळून जातं. ती कंपनी १९३१ पासून गाड्या बनवते आहे आणि तिच्या बहुतेक ट्रेलरना आजही स्लाइड नाही. आत जागा कमी, किंमत जास्त, पण पावसात डोळा मिटता येतो. दोघंच फिरणार असाल तर त्याचा विचार जरूर करा. आम्हाला दोन मुलं आहेत, आम्हाला सोफा लागतो.

मावसभावाला मी शेवटी काय सांगितलं ते लिहितो. तो दर उन्हाळ्यात स्टेट पार्कांत जाणार, मुलं लहान, बायकोला झाडीतली जागा हवी. "टॉपर लाव. पण विकणाऱ्याला सांग, हे गाडीच्या किमतीत घाल, नाहीतर मी दुसरीकडे जातो. झाकण नसलेलं छप्पर विकायचं तर झाकण तुझं." त्याने तसं सांगितलं. तासाभराने फोन आला. एका स्लाइडचा टॉपर फुकट मिळाला, दुसऱ्याचे पाचशे रोख भरले.

मागितलं म्हणून अर्धं मिळालं. पुढचा माणूस मागेल तेव्हा कदाचित पूर्ण मिळेल, आणि बरेच जण मागायला लागले तर कारखान्यातूनच बसवून येतील. गाडीचा सौदा करताना प्रत्येकाने हे एक वाक्य बोलावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांच्याकडे गाडी आधीच आहे त्यांनी या शनिवारी, दव वाळल्यावर, कोणाला तरी शिडी धरायला सांगून वर चढावं आणि रबराच्या पट्टीखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवून पाहावं.